अकरा टाचा

पूर्वी बार्शीत दोन बायका भेटल्या की पोरांचे मार्क विचारायच्या. सन २०४३मध्ये त्या टाच विचारायला लागल्या.

"तुमच्या यशराजची टाच किती आली?"

"एकोणऐंशी."

"अगंबाई! आमच्या परिणीतीची एकसष्ट. पण चित्रं फार छान काढते हं ती."

टाच म्हणजे एक आकडा. बालास्थी अभियानानं शाळाशाळांतून एक यंत्र दिलं होतं, भाकरीच्या परातीएवढं, काचेच्या तबकडीचं. मुलानं त्यावर अनवाणी उभं राहायचं, चाळीस सेकंद हलायचं नाही, की शंभरपैकी आकडा हजर. वयाच्या पंचविशीत या मुलाची हाडं किती मजबूत होतील आणि साठीत कितपत मोडतील, हे त्या आकड्यात सांगितलेलं असे. सहा वर्षांच्या पोराच्या साठीची काळजी लागलेल्या आया त्या काळात सगळीकडे दिसत. त्यांच्या स्वतःच्या साठीची मात्र कुणी चौकशी करत नसे.

टाचच का, तर टाचेचं हाड आतून जाळीदार असतं आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. यंत्र त्यातून अगदी सौम्य क्ष-किरणांचे दोन झोत सोडी, एक कमी शक्तीचा, एक जास्त. मांस दोन्ही झोतांना सहज वाट देतं. हाडातलं कॅल्शियम कमी शक्तीच्या झोताला जास्त अडवतं. दोन्हींतल्या फरकावरून हाड किती आणि मांस किती, याचा हिशेब लागे. यंत्राला जगात या दोनच गोष्टी माहीत होत्या.

पासष्टच्या वर टाच असली की मूल मुक्त गटात. खाली असली की जपणूक गटात. जपणूक गटाच्या मनगटावर पिवळा पट्टा. त्यानं उडी मारायची नाही, जिन्यावर पळायचं नाही, खेळाच्या तासाला लिंबाखाली रबरी गादीवर बसायचं, दूध प्यायचं आणि नाचणी-तिळाचे दोन लाडू खायचे. लाडू चांगले असत. एवढं एक अभियानाच्या शत्रूंनाही मान्य होतं.

बार्शीतल्या एका प्राथमिक शाळेत हे यंत्र ऋतुजा ढेंगळे चालवायची. बाई कामाला पक्की. प्रत्येक पोराची टाच स्पिरिटनं तीनदा पुसायची, चौथ्यांदा पुसू का असा चेहरा करायची. कुणी आई गयावया करायला लागली की म्हणायची, "ताई, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, आकड्यावर जा." दीड वर्षात तिनं हे इतक्यांदा सांगितलं की सगळ्या आया खरोखरच आकड्यावर जाऊ लागल्या.

मग जूनमध्ये तिच्याच मुलीची, पहिलीतल्या शर्वीची, टाच सत्तावन्न आली.

ऋतुजानं स्वतःच्या हातानं तिला पिवळा पट्टा बांधला. गावाला यात समाधान वाटलं नाही असं कुणी म्हणू नये. शर्वी लिंबाखाली बसून दुसऱ्यांच्या उड्या मोजायला लागली आणि घरी येऊन सांगायला लागली, "आज आराध्याच्या एकशे सहा झाल्या. मी असते तर दोनशे केल्या असत्या."

घरात फ्रिजवर तक्ता लागला. एवढ्या मुलीला रोज साधारण सहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ऋतुजा नऊशेच्या खाली उतरत नव्हती. सकाळी दूध, मग नाचणीची आंबील, डब्यात कडक भाकरीबरोबर कारळाची चटणी, संध्याकाळी तीळ. नवरा वैभव पुण्याला गोदामात नोकरीला, रविवारी यायचा. तो तक्ता बघून म्हणाला, "तू ठरव." त्या घरात या दोन शब्दांचा अर्थ असा होता, की पुढं काही झालं तर ठरवलं कुणी होतं हे त्याच्या लक्षात राहील.

सासूबाई रत्नमाला. ऋतुजा त्यांना आत्या म्हणायची. त्यांनी तक्ता वाचला नाही. त्यांनी दिवाळीत माळ्यावरून काशाची वाटी काढली. रोज शर्वी शाळेतून आली की तिला पायरीवर बसवायच्या, तळव्याला तूप लावायच्या आणि वाटीच्या बुडानं अर्धा-अर्धा तास घासायच्या. तळवा काळाकुट्ट व्हायचा.

"बघ, कसली उष्णता भरलीय पोरीत," त्या दाखवायच्या. "ही सगळी बाहेर निघायलीय."

"आत्या, तूप वाया जातंय."

"तुझे नऊशे का काय ते पोटातून, माझं तळव्यातून. कुठनं लागू पडंल कोण सांगावं!"

डिसेंबरात फेरमोजणी झाली. स्वतःच्या मुलाची टाच स्वतः मोजायची नाही असा नियम होता, म्हणून वैरागचा तंत्रज्ञ बोलावला. त्यानं आकडा सांगितला, एकाहत्तर.

ऋतुजानं तक्त्याकडे बघितलं. रत्नमालाबाईंनी वाटीकडे बघितलं. दोघी एकमेकींचं कौतुक करायचं टाळून समाधानी झाल्या.

पट्टा सुटला. शर्वी दुसऱ्या दिवशी मिरगणे सरांच्या मल्लखांबाला गेली. मिरगणे सर साठीचे, तालमीच्या मैदानावर चाळीस वर्षं पोरं चढवत-उतरवत आलेले. अभियान आलं तेव्हा त्यांच्याकडे चव्वेचाळीस पोरं होती. आता तेरा उरली होती.

"या तंत्रज्ञबाई," ते म्हणाले. "माझी एकतीस पोरं तुमच्या परातीनं नेली. आज एक परत दिलीत. तीस बाकी."

"सर, मी कुणाला नेलं नाही. आकडा..."

"हां हां, आकडा. चला शर्वीताई, एरंडेल लावा हाताला."

सहा महिने बरे गेले. पुन्हा जून आला, पुन्हा मोजणी. चौथं पोर उतरल्यावर ऋतुजाला काचेवर करडा डाग दिसला. पुसला. नवव्या पोरानंतर पुन्हा डाग. तिनं पोराचा तळवा उलटा करून बघितला. वरून स्वच्छ, भेगांमध्ये काळं.

"घरी पायाला काही लावतात का रे?"

"आज्जी वाटी घासती."

"कुठली आज्जी?"

"माझी आज्जी. तुमच्या आज्जीनं शिकवलं तिला."

ऋतुजानं त्या दुपारी मागची नोंद काढली. डिसेंबरात ज्यांचा आकडा एकदम बारा-चौदानं वाढला होता अशी दहा मुलं निघाली. अकरावा कैवल्य नाईकवाडी. तो डिसेंबरातच नवीन आलेला, टाच सहासष्ट. या अकराही मुलांच्या आज्ज्या मंगळवारच्या भजनी मंडळात होत्या. मंडळाच्या अध्यक्षा रत्नमाला ढेंगळे.

रविवारी ऋतुजानं यंत्र घरी आणलं. खाटकाकडून बकऱ्याचा पाया आणला, धुतला, तबकडीवर ठेवला. आकडा चव्वेचाळीस.

"आता याला तूप लावा आत्या, आणि घासा."

"मेलेल्या बकऱ्याला?"

"घासा तर."

रत्नमालाबाईंनी अर्धा तास घासला. हातचं राखून काम करायची त्यांना सवयच नव्हती. पाया काळा झाला. ऋतुजानं तो स्पिरिटनं तीनदा पुसून परत ठेवला. आकडा साठ.

रत्नमालाबाईंनी पाया उलटासुलटा करून बघितला. "काल कापलाय ना गं हा?"

"हो."

"मग ह्याच्यात कसली उष्णता?"

उष्णता कसलीच नव्हती. काशात तांबं आणि कथील असतं. तुपातल्या आम्लाशी तांब्याचा संयोग होतो, काळा चिकट थर बनतो आणि तो भेगांमध्ये मुरतो. स्पिरिटनं वरचा निघतो, आतला राहतो. तांबं आणि कथील क्ष-किरणांना कॅल्शियमपेक्षाही जास्त अडवतात. यंत्राला हाड आणि मांस याखेरीज तिसरं काही ठाऊकच नव्हतं. समोर धातू आल्यावर त्यानं तो इमानदारीनं हाडात मोजला. अभियान आखणाऱ्यांनी एरंडेल, खोबरेल, मेंदी, हळद या सगळ्यांची चाचणी घेतली होती. बार्शीतल्या आज्ज्यांची घेतली नव्हती.

सोमवारी ऋतुजानं अकराही मुलांना "फेरतपासणी" म्हणून थांबवलं. गरम पाण्यात पाय बुडवले, साबण, लिंबू, टाचा घासायची वज्री. पोरं गुदगुल्यांनी किंचाळली. मग एकेकाला उभं केलं. शर्वीची पाळी आली तेव्हा नियम आठवला, तरी तिनं मोजली. एकसष्ट.

सगळे आकडे कागदावर लिहून ती बसली. आणि मग तिला दिसलं ते विचित्र होतं.

कैवल्य बाजूला ठेवून बाकीची दहाही मुलं पासष्टच्या खालीच होती, म्हणजे नियमानं पिवळ्या पट्ट्याची. पण मागच्या जूनच्या खऱ्या आकड्यांपेक्षा ती प्रत्येक जण तीन-चारनं वर आली होती. तिनं जपणूक गटाच्या एकशे बारा मुलांची सरासरी काढली. ती दोननं खाली गेली होती. लाडू तेच. दूध तेच. उलट जपणूक गटाला जास्तच.

हाड ही एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यात तोडणाऱ्या पेशी आहेत आणि बांधणाऱ्या पेशी आहेत. दोघींचं काम रात्रंदिवस चालू. कॅल्शियम म्हणजे विटा. ऊन अंगावर पडलं की तयार होणारं ड जीवनसत्त्व त्या विटा आतड्यातून आत आणतं. पण भिंत कुठं बांधायची हे ठरतं धक्क्यावरून. पोर उडी मारून आदळलं की हाड केसाएवढं वाकतं, आतल्या बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं, आणि तिथं बसलेल्या पेशींना कळतं, की इथं भार आहे, इथं बांधा. धक्काच आला नाही तर विटा येतात आणि तशाच बाहेर जातात. हे ऋतुजानं प्रशिक्षणात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही आला होता. हाडं कमजोर म्हणून मुलांना गादीवर बसवलं, बसवल्यानं हाडं आणखी कमजोर झाली, आणि यंत्राचं भाकीत खरं ठरत गेलं. बार्शीसारख्या गावात, जिथं ऊन टाळायला पैसे पडतात, तिथं एकशे बारा पोरं सावलीत बसली होती.

जपणूक गटातली मुलं मुद्दाम उड्या मारायला सोडायचा प्रयोग कुणी मंजूर केला नसता. भजनी मंडळानं तो विनापरवाना करून दाखवला होता.

राहिला अकरावा. कैवल्यची खरी टाच त्रेचाळीस होती; त्याच्या भेगांत थर सगळ्यांत जास्त मुरला होता. इतकं खाली नुसत्या बसण्यानं कुणी जात नाही.

ती तशीच मैदानावर गेली. कैवल्य खांबावर उलटा लटकला होता, पायाची पकड घालून, खाली डोकं करून हसत. शेजारी शर्वी आपली पाळी यायची वाट बघत ओरडत होती.

"सर, त्याला उतरवा. हळू."

मिरगणे सरांनी काही न विचारता दोन्ही हातांवर त्याला घेतला आणि खाली ठेवला. मग विचारलं, "आकडा काय त्याचा?"

"सहासष्ट. पण खोटा आहे."

"आकडा खोटा? हे कोण बोलतंय?" सरांनी आजूबाजूला बघितलं. "ऐकलं का रे कुणी?"

"सर, चेष्टा नको." तिनं सगळं सांगितलं. सरांची चेष्टा हळूहळू उतरली.

"मग लिही की वर."

"लिहिलं तर अकराही आकडे रद्द होतात. एकच काढता येत नाही, वाटी सगळ्यांनाच घासलीय. उरलेल्या दहांना पट्टा."

"तुझी त्यात आहेच."

"आहे. आणि ती सुधारतेय सर. खांबावर सुधारतेय."

सरांनी हाताचं एरंडेल धोतराला पुसलं. "मग त्याच्या आईला जाऊन खासगीत सांग. बघ ऐकते का."

रत्नमालाबाईंचंही तेच मत पडलं. "हळूच सांग तिला. बाकीच्यांची टाच कशाला उकरून काढतीस?"

कैवल्यची आई पल्लवी नाईकवाडी दारातच उभी राहिली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या शर्वीची एकाहत्तर खरी आणि आमच्याची सहासष्ट खोटी, होय?"

"शर्वीचीपण खोटी आहे."

"मग तिला बांधला का पट्टा?"

ऋतुजानं नकारार्थी मान हलवली.

"तुम्हीच म्हणता ना, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, आकड्यावर जा? मग आकडा आणा. येते मी." आणि दार लागलं.

परत येताना ऋतुजानं मनाशी दोन रकाने आखले. एकीकडे दहा मुलं, त्यांचे तीन-तीन गुण, त्यात स्वतःची एक. दुसरीकडे एक मुलगा, जो उद्या संध्याकाळी पुन्हा उलटा लटकणार होता. बेरजेनं उत्तर निघत नव्हतं. तिनं शाळेत जाऊन वर कळवायचं बटण दाबलं आणि सोबत जपणूक गटाची सगळी आकडेवारी जोडली.

पहिल्याचं उत्तर एका तासात आलं: अकराही आकडे रद्द. दुसऱ्याचं उत्तर आठवड्यानं: नमुना अपुरा, नोंद घेतली आहे.

कैवल्यला सोलापूरला नेलं. हाडाची जाळीच जन्मापासून कच्ची असण्याचा आजार निघाला. औषधं सुरू झाली, पोहायची परवानगी मिळाली, उडी कायमची बंद. डॉक्टर म्हणाले म्हणे, की अजून महिना गेला असता तर मानेचं काही सांगता येत नव्हतं. पल्लवीनं आभार मानले नाहीत. रस्त्यात दिसली की थांबायची, काहीतरी बोलावं असा चेहरा करायची आणि भाजीचा भाव विचारायची.

शर्वीच्या मनगटावर पट्टा आला. या वेळी ती उड्या मोजायला बसली नाही. गादीवर भिंतीकडे तोंड करून बसली. घरी आई जेवायला वाढायला आली की ताट आज्जीकडे सरकवायची.

अभियानाच्या नियमांत एक कलम होतं. पालक लेखी जबाबदारी घेऊन मुलाला जपणूक गटातून काढू शकत. तालुक्यात आजवर एकानंही सही केली नव्हती, कारण अर्जाची पहिलीच ओळ होती: "माझे मूल जायबंदी झाल्यास..." ऋतुजानं वैभवला फोन केला.

"तू ठरव," तो म्हणाला.

"नाही. दोघांची सही लागते. रविवारी येऊन कर."

तो आला. पेन हातात घेऊन अर्ज तीनदा वाचला आणि सही केली. ऋतुजाला लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं अक्षर नीट दिसलं.

आठ दिवसांत ऋतुजाची बदली झाली. जिच्या स्वतःच्या घरात अभियानावर विश्वास नाही ती इतरांना काय समजावणार, अशा अर्थाचं पत्र होतं. तिला तालुक्याच्या गोदामात लाडवांची आवक-जावक बघायला बसवलं.

मग उरलेल्या नऊ मुलांच्या आया दारात आल्या. आधी भांडल्या. रत्नमालाबाईंनी चहा टाकला. चहाबरोबर आवाज खाली आले आणि एकीनं खरा प्रश्न विचारला. "तुम्ही स्वतःच्या पोरीची सही केली. आम्ही करू का?"

"मला माहीत नाही," ऋतुजा म्हणाली.

"असं कसं? तुम्हीच तर मोजता."

"दहा मुलं तीन-चारनं वाढली. दहा म्हणजे फार थोडी. यात काही मी न बघितलेलं असू शकतं. मी माझ्या पोरीपुरती जोखीम घेतली. तुमच्या पोरांची मला घेता येत नाही."

एवढं मिळमिळीत उत्तर तिनं अडीच वर्षांत कधी दिलं नव्हतं. कदाचित म्हणूनच नऊपैकी चौघींनी सह्या केल्या. त्यांची मुलं शर्वीबरोबर पुन्हा मिरगणे सरांकडे जाऊ लागली. सर म्हणाले, "सव्वीस बाकी."

सप्टेंबरच्या एका गुरुवारी शर्वी खांबावरून पडली. फार उंचावरून नाही, ऋतुजाच्या खांद्याइतक्या. डाव्या हातावर पडली.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. कोवळी फांदी वाकवली की एका बाजूनं चिरते आणि दुसऱ्या बाजूनं धरून राहते, तसं मनगटाजवळचं हाड चिरलं होतं. मुलांचं असंच मोडतं, सहा आठवडे प्लास्टर, म्हणाले. मजबूत हाड मोडलं नसतं का, या प्रश्नावर ते म्हणाले, "या पडण्याला? सांगता येत नाही हो. माझ्या मुलाचं सायकलवरून मोडलं. त्याची टाच चौऱ्याऐंशी."

त्या चौघी आया केळी घेऊन भेटायला आल्या. शर्वीची चौकशी पाच मिनिटांत संपली. मग त्या ऋतुजाकडे बघत बसल्या. त्यांची मुलं दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आली नाहीत. त्यांना वर्तमानपत्रातलं, अभियानाचं, डॉक्टरांचं काही नको होतं. प्लास्टर निघाल्यावर ही बाई पोरीला परत पाठवते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

रत्नमालाबाईंनी सहा आठवडे या विषयावर एक शब्द काढला नाही. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब मौन असावं. शेवटच्या दिवशी मात्र म्हणाल्या, "पुन्हा मोडला तर?"

"तर मीच मोडला म्हणतील, आत्या."

"लोकांचं नाय विचारलं मी."

रत्नमालाबाईंनी शर्वीची चड्डी-बनियन पिशवीत भरून दिली.

सोमवारी पाच वाजता मैदानाच्या कठड्यावर चौघी आया बसल्या होत्या, मुलांना मांडीशी धरून. मिरगणे सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, ऋतुजाकडेही नाही. ते खांबाला तेल लावत राहिले.

शर्वीचा डावा हात उजव्यापेक्षा बारीक दिसत होता. तिनं खांबाला हात लावून नमस्कार केला, मांड्यांनी पकड घेतली आणि सरसर वर गेली. ऋतुजा खांबाला चिकटून उभी राहिली, दोन्ही हात वर करून, ओंजळ पसरावी तसे. तिची मान वर, तोंड किंचित उघडं.

शर्वीनं वरून खाली बघितलं.

"मम्मी, बाजूला सरक ना," ती वैतागून म्हणाली. "उतरायला जागा लागते मला."

ऋतुजानं हात खाली घेतले आणि दोन पावलं मागं सरकली.